अठ्ठेचाळीस व्हायोलिनं कुठून आली?

नगरहून सोलापूरकडे निघालं की मिरजगाव लागतं आणि तोच रस्ता पुढे करमाळ्याला जातो. याच करमाळा तालुक्यात, जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ चित्रित केला. २९ एप्रिल २०१६ रोजी तो प्रदर्शित झाला आणि त्या उन्हाळ्यात या रस्त्यावरच्या टमटमपासून रसवंतीपर्यंत आणि वरातीपासून जत्रेपर्यंत दुसरं काही वाजत नव्हतं. ‘झिंगाट’ने पोरांना नाचवलं. पण ‘याड लागलं’मध्ये मागून जो व्हायोलिनचा लोंढा येतो, तो आला होता थेट कॅलिफोर्नियातून. संगीतकार अजय-अतुल यांनी या चित्रपटाचं सिंफनी वादन लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, तिथल्या वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलं. भारतीय चित्रपटासाठी तिथे झालेलं हे पहिलंच काम, असं तेव्हा सांगितलं गेलं. हा स्टुडिओ पूर्वी एमजीएम कंपनीचा होता. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीतही तिथेच मुद्रित झालं.

अशा दालनात पन्नास-साठ वादक खुर्च्यांवर बसले की मिनिटामिनिटाचे पैसे मोजावे लागतात. समोरचा कागद ते पहिल्यांदाच बघत असतात आणि बघता बघता वाजवतात. ‘इथे चेलो जरा जास्त झालेत का?’ हा विचार करायला तिथे उसंत नसते. म्हणून हा सगळा विचार आधीच, घरी, संगणकावर करून घ्यायची पद्धत जगभर रुळली आहे. गायकाच्या कच्च्या आवाजाला मुंबईच्या स्टुडिओत ‘डमी’ म्हणतात. वाद्यवृंदाच्या अशाच कच्च्या आवृत्तीला मॉकअप म्हणतात. एका खोलीत एक माणूस, एक कीबोर्ड आणि खऱ्या वादकांचे हजारो सुटे सूर साठवलेली एक ‘सॅम्पल लायब्ररी’ एवढ्यावर तो उभा राहतो. ज्या चित्रपटाला परदेशी वाद्यवृंद परवडत नाही, तिथे हा मॉकअपच शेवटी पडद्यामागून वाजतो. मराठीत तर बहुतेक वेळा तसंच होतं.

मुंबईच्या जुन्या अरेंजर मंडळींच्या हाताशी यातलं काही नव्हतं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचंच घ्या. ते व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्याला नाव मिळालं ते त्यांचंच. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनी रचना सादर केल्या. त्यासाठी त्यांनी जो कागद लिहिला, तो पहिल्यांदा कानावर पडला तालमीतच. तोपर्यंत तो फक्त त्यांच्या डोक्यात वाजत होता. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगणार, अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेटला वाटून देणार आणि सकाळच्या शिफ्टला सगळं एकदम वाजणार, असा तेव्हाचा खाक्या होता. चुकलं तर पन्नास जणांसमोर पेन्सिल काढायची. त्या माणसांचा कान किती तयार असेल!

आजच्या मॉकअप बनवणाऱ्या प्रोग्रामरला तेवढा कान नसला तरी चालतं, असा एक समज आहे. तो का फसवा आहे हे पाहायचं तर लायब्ररीच्या पोटात शिरावं लागतं.

सॅम्पल म्हणजे एका सुराचं ध्वनिमुद्रण. ही कल्पना नवी नाही. १९६३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तयार झालेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा तुकडा असे. पट्टी दाबली की फीत फिरे आणि साधारण आठ सेकंदांनी सूर संपे. आता हिशेब करून पाहू. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या सुरापासून मोजले तर सहज वापरात येणारे अर्धस्वर ४४ भरतात. प्रत्येक सूर दहा सेकंद वाजवून घेतला, तोही चार वेगवेगळ्या जोरांत, तर १७६ ध्वनिमुद्रणं झाली. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या तर दहा सेकंदांना जवळपास २.९ एमबी लागतात. म्हणजे एका वाद्याची एकच वादनपद्धत, तीही माइकच्या एकाच जागेवरून, अर्धा जीबी खाते. त्यात गज उडवून वाजवलेले तुटक सूर, बोटांनी छेडलेले सूर, थरथरते सूर आले. एकाच सुराचे लागोपाठ ठोके यंत्रासारखे सारखे ऐकू येऊ नयेत म्हणून प्रत्येक तुटक सूर तीन-चार वेळा वाजवून घ्यावा लागतो. त्याहून मोठी भानगड जोडसुरांची. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाताना गजाखाली जो सांधा तयार होतो, तो वेगळाच मुद्रित करावा लागतो. प्रत्येक सुरावरून वर बारा आणि खाली बारा अर्धस्वर धरले, की एकाच जोराचे असे सांधे हजाराच्या घरात जातात.

व्हिएन्नात चेलोवादक हर्ब टुक्मांडल यांनी २००० साली व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी सुरू केली, ती या सांध्यांच्याच ध्यासापोटी. हा डोंगर संगणकाला पेलता आला तो मात्र १९९८ च्या गिगासॅम्पलरमुळे. त्याआधी पूर्ण सूर मेमरीत चढवावा लागे आणि सॅम्पलर यंत्रांची मेमरी दोन आकडी एमबीत मोजली जाई. गिगासॅम्पलरने प्रत्येक सुराचा फक्त सुरुवातीचा छोटा तुकडा मेमरीत ठेवला आणि उरलेला सूर वाजता वाजता डिस्कवरून ओढून घेतला. आजच्या सगळ्या लायब्रऱ्या याच युक्तीवर जगतात. म्हणूनच जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर धापा टाकणारा प्रकल्प एसएसडीवर निमूट चालतो. मेमरी आणि एसएसडी यांवर खर्च केलेला पैसा महागड्या स्पीकरच्या आधी वसूल होतो.

पण चार वेगवेगळे जोर कशाला? एकच सूर मुद्रित करून आवाज कमी-जास्त केला तर काय बिघडलं?

इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. वाद्य जोरात वाजतं तेव्हा त्याचा आवाज नुसता वाढत नाही, त्याचा पोतही बदलतो. ट्रम्पेट हळू फुंकला तर मूळ सूर आणि त्याचे पहिले काही उपस्वरच ऐकू येतात. जोर वाढला की वरचे उपस्वर भराभर वाढतात आणि आवाजाला पितळी धार चढते. ज्याँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकार-शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकाच्या मदतीने ट्रम्पेटची चिरफाड केली, तेव्हा हेच हाती आलं. म्हणून जोरात फुंकलेल्या सुराचा आवाज कमी केला की तो हळुवार होत नाही. लांबच्या मैदानातून आल्यासारखा वाटतो.

व्हायोलिनची गोष्ट आपल्या जवळची आहे. गज तारेला चिकटतो, तिला ओढतो, तार निसटते, पुन्हा चिकटते. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने दाखवलं होतं. त्या चिकटण्या-निसटण्याचा सविस्तर यांत्रिक सिद्धांत १९१८ मध्ये कलकत्त्यात मांडला तो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. दोन वर्षांनी त्यांनी यंत्राने वाजवलेल्या व्हायोलिनवरचे प्रयोगही प्रसिद्ध केले. गजाचा वेग, त्याचा दाब आणि घोडीपासूनचं त्याचं अंतर यांचं गणित जमलं नाही तर सूर धरत नाही, हे त्यांनी मोजून पाहिलं. नोबेल मिळवून देणारं प्रकाशाचं काम त्यानंतरचं. मॉकअप बनवणारा रामन यांच्या त्या यंत्रासमोरच बसलेला असतो, असं म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की त्याच्या हातात गजाऐवजी एक चाक असतं.

ते चाक म्हणजे कीबोर्डच्या डाव्या बाजूचं मॉड व्हील. १९८३ च्या मिडी या प्रमाणानुसार ते ० ते १२७ असे आकडे पाठवतं आणि त्याचा कंट्रोलर क्रमांक १ असतो. बहुतेक लायब्रऱ्यांत हा क्रमांक एका जोराच्या ध्वनिमुद्रणातून दुसऱ्यात सरकवतो, म्हणजे पोत बदलतो. क्रमांक ११ नुसता आवाज वर-खाली करतो. नवखा माणूस सगळं काम ११ वर उरकतो आणि मग ‘माझे स्ट्रिंग्ज प्लॅस्टिकचे का वाटतात?’ म्हणून नवी लायब्ररी विकत घेतो. उजव्या हाताने सूर, डाव्या हाताने १ आणि ११ चे फेडर, आणि ओळ एका दमात वाजवायची, ही सवय लागली की दोन कामं एकदम होतात: वेळ वाचतो आणि फुगवटा माणसाच्या हातचा वाटतो. नंतर माऊसने रेघा ओढत बसणं दुप्पट वेळखाऊ आणि बहुधा निर्जीवही. एका ओळीचे फेडर दुसरीवर चिकटवण्याचा मोह तर सगळ्यांनाच होतो. मग व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत सगळे एकाच क्षणी फुगतात आणि एकाच क्षणी बसतात.

यात एक मेख आहे. एकल व्हायोलिनच्या दोन ध्वनिमुद्रणांमधून असं सरकताना काही क्षण दोन्ही एकदम वाजतात, त्यांचा कंप एकमेकांशी जुळत नाही आणि एकाची दोन व्हायोलिनं झाल्याचं कानाला लगेच कळतं. सोळा जणांच्या ताफ्यात हे लपून जातं. म्हणून संगणकावर अख्खा ताफा उभा करणं सोपं आणि एकटा वादक उभा करणं अवघड, असा उलटा न्याय इथे चालतो.

दुसरी डोकेदुखी उशिराची. पट्टी दाबताक्षणी सूर येत नाही, कारण गज तारेवर रुळेपर्यंतचा किंवा सांधा पूर्ण होईपर्यंतचा काळ ध्वनिमुद्रणातच असतो. जोडसुरांत हा उशीर सहज शंभर ते दोनशे मिलिसेकंद भरतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे वादक चक्क पाव मात्रा मागे पडला! सूर एकेक करून पुढे सरकवत बसलं तर त्यातच संध्याकाळ जाते. त्यापेक्षा प्रत्येक वादनपद्धतीचा उशीर एकदाच मेट्रोनोमवर ऐकून मोजावा आणि त्या ट्रॅकला तेवढा उणे विलंब लावून टाकावा. क्यूबेस, लॉजिक, रीपर या मुद्रणाच्या सगळ्या प्रोग्रामांत तशी सोय आहे. तुटक सुरांचा ट्रॅक वेगळा आणि लांब सुरांचा वेगळा ठेवायचं मोठं कारण हेच, कारण दोघांचे उशीर निराळे असतात. एकाच ट्रॅकवर पद्धती बदलत वाजवायचं असेल तर एक्स्प्रेशन मॅपसारखी सोय वापरता येते. त्यात कागदावरचं चिन्ह वाचून संगणक स्वतःच पद्धत बदलतो.

ही सगळी पूर्वतयारी एकदा करून जपून ठेवलेल्या फाइलला टेम्प्लेट म्हणतात. घरातल्या मिसळणाच्या डब्यासारखं तिचं काम असतं: फोडणी तडतडताना मोहरी शोधायला लागू नये. कागदावर असतो तोच क्रम तिच्यातही ठेवतात: वर लाकडी फुंकवाद्यं, मग पितळी, मग तालवाद्यं आणि हार्प, तळाशी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास. प्रत्येक कुळाचा आवाज वेगळ्या वाहिनीतून बाहेर काढलेला असतो, म्हणजे दिग्दर्शकाने ‘ते पिपाणीसारखं आहे ना, ते काढा’ म्हटलं की तेवढंच काढता येतं. (दिग्दर्शक ओबोला काय म्हणतील याचा नेम नसतो.) मोठ्या स्टुडिओंच्या टेम्प्लेटमध्ये शेकडो ट्रॅक असतात आणि त्यासाठी दोन-तीन संगणक जोडलेले असतात. सोळा जीबीच्या लॅपटॉपवर त्याची नक्कल करायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिथे तीस-चाळीस ट्रॅक पुरतात. लागणार नाहीत ते बंद अवस्थेत ठेवावेत. काँटॅक्ट या सॅम्पलर प्रोग्राममध्ये न वाजलेले सूर मेमरीतून झाडून टाकायची सोय आहे, ती वापरावी. झालेला ट्रॅक गोठवून, म्हणजे ध्वनिमुद्रणात बदलून ठेवावा.

आणि चाल? ती आधी साध्या पियानोच्या आवाजावर किंवा ‘सगळे स्ट्रिंग्ज’ अशा एकाच ट्रॅकवर शेवटपर्यंत बसवून घ्यावी, वाटणी मागाहून. चाल अर्धवट असताना माइक कुठला, गुंज किती, यावर तासन् तास घालवणं हा या धंद्यातला सर्वांत लोकप्रिय आळस आहे. दिसतं काम, होत काहीच नाही.

वाटणी करताना मात्र शीर्षकातल्या प्रश्नाशी गाठ पडते. ‘व्हायोलिन १’ या ट्रॅकवर सोळा वादकांचं एकत्र ध्वनिमुद्रण आहे. त्यावर तीन सुरांचा कॉर्ड दाबला की संगणक सोळा जणांचे तीन गट करत नाही. प्रत्येक सुराला पुन्हा सोळा जण देतो. झाली अठ्ठेचाळीस व्हायोलिनं. कानाला ते भरदार वाटतं, संगीतकार खूश होतो. मग खऱ्या दालनात सोळाच जण पाच-पाच, सहा असे विभागून तोच कॉर्ड वाजवतात आणि तो रोडावलेला निघतो. हॉर्नचंही तसंच. म्हणून काही लायब्रऱ्या अर्धे आणि पाव ताफेही वेगळे मुद्रित करून देतात. ते नसतील तर प्रत्येक सूर वेगळ्या ट्रॅकवर टाकून आवाज बेताने उतरवावा लागतो.

समतोलाचाही असाच चकवा असतो. खालच्या सप्तकातली बासरी खऱ्या दालनात तीन ट्रॉम्बोनपुढे ऐकूच येणार नाही. संगणकात फेडर वर केला की ती त्यांच्या डोक्यावर बसते. श्वासाचं भानही यंत्राला नसतं. लायब्ररीतला क्लॅरिनेट अर्धा मिनिट न थांबता वाजतो. माणसाला मध्ये कुठेतरी हवा घ्यावी लागते. त्यामुळे पट्ट्यांवर बोटं ठेवून ओळ वाजवताना तोंडाने गुणगुणावी. जिथे आपला दम संपतो तिथे वादकाचाही संपण्याची शक्यता असते. ट्रॉम्बोनच्या नळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागतो, हार्पवाल्याला पायाने पेडल बदलावे लागतात. हे ठाऊक असलेला माणूस फुकटच्या लायब्ररीतून जे काढतो, ते ठाऊक नसलेल्याला लाखाच्या लायब्ररीतून निघत नाही. कान तयार नसला तरी चालतं हा समज इथे गळून पडतो.

मॉकअपवरून वादकांसाठी कागद काढायचे असतील तर आणखी एक नियम पाळावा लागतो: फाइलच्या दोन प्रती ठेवायच्या. हाताने वाजवलेले सूर ठोक्याच्या थोडे अलीकडे-पलीकडे पडतात आणि म्हणूनच ते जिवंत वाटतात. तीच फाइल नोटेशनच्या प्रोग्राममध्ये उघडली की साध्या चार सुरांच्या जागी बारीक विरामांचा आणि जोडरेघांचा चिखल दिसतो. त्यामुळे ऐकायची प्रत तशीच ठेवून लिहायच्या प्रतीत सूर ठोक्यावर बसवून घेतात. परदेशात या कामासाठी वेगळा माणूस असतो. आपल्याकडे तो संगीतकाराचा सहायकच असतो आणि रात्री जागतो.

मिरजगावसारख्या ठिकाणी बसून हे सगळं करायचं म्हटलं तर पहिली अडचण संगीताची नसून डाउनलोडची आहे. स्पिटफायर या लंडनच्या कंपनीने २०१९ मध्ये बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची लायब्ररी बाजारात आणली. तिची सर्वांत मोठी आवृत्ती सुमारे ६०० जीबीची. दिवसाला दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती उतरवायला तीनशे दिवस लागतील, तेही त्या काळात व्हॉट्सअॅप न उघडता. पण त्याच वाद्यवृंदाची ‘डिस्कव्हर’ ही छोटी आवृत्ती काहीशे एमबीत आणि फुकट मिळते. म्युझस्कोर या फुकट नोटेशन प्रोग्रामसोबत २०२२ पासून म्युझ साउंड्स हा मोफत संच मिळतो. व्हर्सिलियन स्टुडिओजच्या व्हीएससीओ या संचाची ‘कम्युनिटी’ आवृत्ती तर हक्कमुक्तच आहे. रीपर हा मुद्रणाचा प्रोग्राम साठ दिवस वापरून पाहता येतो, व्यक्तिगत वापराचा परवाना साठ डॉलरला पडतो. शिकायला एवढं भरपूर आहे. छोट्या लायब्ररीत माइकच्या जागा आणि वादनपद्धती कमी असतात. त्यामुळे निवडीत वेळ जात नाही, हा फायदा कुणी जाहिरातीत सांगत नाही. वीज जायची सवय असलेल्या भागात दर काही मिनिटांनी फाइल आपोआप जतन होईल अशी सोय चालू ठेवणं, हाही कार्यपद्धतीचाच भाग.

अडतं ते आपल्या सुरांपाशी. या लायब्रऱ्या पाश्चात्त्य बारा अर्धस्वरांसाठी मुद्रित केल्या आहेत. त्यातल्या जोडसुरांच्या सांध्यांत मींड नाही, आंदोलन नाही. मिडीच्या पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणजे बारकाव्याची कमतरता नाही. पण ध्वनिमुद्रित सूर वाकवला की त्याबरोबर त्यातला कंप आणि वाद्याच्या लाकडी पेटीची गुंजही वाकते. एखादा अर्धस्वर खपून जातो, त्यापुढे आवाज लहान मुलाच्या खेळण्यासारखा येतो. गजाचं भौतिकशास्त्र गणितातून सोडवून सूर घडवणारी, रामन यांच्या वाटेने जाणारी आभासी वाद्यं मींड अधिक चांगली घेतात. मात्र त्यांचा आवाज अजून ध्वनिमुद्रणाइतका भरीव वाटत नाही. हलगी, संबळ यांना तर लायब्ररीच्या वाटेला न जाता सरळ वाजवूनच घेतात. नगर जिल्ह्यात हलगीवाला शोधायला लांब जावं लागत नाही.

व्हायोलिनसाठीही तोच उपाय थोड्या प्रमाणात चालतो, आणि पैशाच्या मानाने त्याचा गुण फार. सोळा जणांचा संगणकी ताफा तसाच ठेवायचा आणि वरची चालीची ओळ एका खऱ्या वादकाकडून दोन-तीनदा वाजवून घेऊन त्यावर हलकेच पसरायची. मींड, गजाची खरखर, सुरांच्या सुरुवातीचे बारीक फरक त्या एका माणसाकडून येतात आणि कान उरलेल्या सोळांनाही त्याच्याबरोबर खरं मानून घेतो. खोली मोठी नसली तरी भागतं, कारण गुंज नंतर चढवता येते. भिंतींना गाद्या लावाव्यात, पंखा बंद करावा, माइक वाद्यापासून हातभर लांब आणि थोडा वर ठेवावा. प्रत्येक वेळी वादकाला खुर्ची जराशी सरकवायला सांगावं, म्हणजे सगळी ध्वनिमुद्रणं एकाच जागेतून आल्यासारखी वाटणार नाहीत. आणि त्याच्यासाठी कागद छापूनच न्यावा, गजाच्या वर-खालीच्या खुणांसकट. शिफ्टचे पैसे वादनाचे असतात, त्यातला अर्धा तास चाल समजावण्यात घालवणं परवडत नाही.